सायक्लोक्रॉस सायकल घ्यायची आहे, चाकं नंतर बदलणार. बजेट ९० हजार, सोलापूर. सल्ला हवा

नान्नजवाट | १४ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

गेली चार वर्षं रोड बाईक चालवतोय. २५ मिमीचे टायर, दोन २०० किलोमीटरच्या ब्रेवे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब फेऱ्या) त्याच सायकलवर वेळेत पूर्ण केल्या. हायवेला तिच्याबद्दल काही तक्रार नाही. पण आमचं शेत नान्नजच्या पुढे आहे. बार्शी रोड सोडला की साधारण आठ-नऊ किलोमीटर कच्चा रस्ता: आधी मुरूम, मग दोन्ही बाजूंनी वेडी बाभूळ, शेवटी काळ्या रानातली गाडवाट. दर रविवारी पहाटे निघून शेतावर जायचं, विहिरीवर बसून भाकरी खायची आणि उन्हाच्या आत परत यायचं, हा माझा आठवड्यातला सगळ्यात आवडता वेळ. मे महिन्यात एकाच फेरीत चार पंक्चर झाले. चौथ्याला ट्यूबही संपल्या आणि पॅचही. सायकल खांद्यावर घेऊन नान्नजपर्यंत चालत आलो.

तेव्हापासून सायक्लोक्रॉस डोक्यात आहे. ड्रॉप हँडल, डिस्क ब्रेक, जाड टायर, आणि हायवेलाही चालेल. पुण्यात एक वापरलेली बघून ठेवली आहे: अॅल्युमिनियम फ्रेम, कार्बन चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क), केबलवाले डिस्क ब्रेक, २×१० गिअर, पुढे ४६/३६ दात्यांच्या चकत्या. मालक ५६ हजार म्हणतोय. दुसरा पर्याय म्हणजे नवी ग्रॅव्हल (कच्च्या रस्त्याची ड्रॉप हँडलवाली सायकल), पण ती घेतली की सगळं बजेट तिथेच संपतं आणि चाकांना काही उरत नाही.

उंची १७४ सेमी, वजन ८२ किलो. एकूण ९० हजारांच्या वर जायचं नाही, चाकं धरून. चाकं बदलायचीच असं ठरवलंय, कारण माझ्या आत्ताच्या सायकलला कंपनीने दिलेल्या चाकाचे मागचे स्पोक दोनदा तुटलेत.

काय करू? आणि पुण्याला बघायला गेलो तर नेमकं काय बघू?

पेठेतला | १४ जून, रात्री १०:१५

सरळ एमटीबी (माउंटन बाईक) घ्या. पुढे सस्पेन्शन असलेली चांगली हार्डटेल तुमच्या बजेटात नवी येईल. शेतवाटेला रोडची सायकल नको.

माळरान_ताई | १४ जून, रात्री ११:०२

पेठेतला यांचं म्हणणं चुकीचं नाही, पण हिशोब बघा. नान्नजपर्यंत जाऊन-येऊन चाळीसएक किलोमीटर डांबर आणि वर सतरा-अठरा कच्चं. डांबरावर समोरून वारा लागला की सरळ हँडलवर ताठ बसून जीव जातो. मी तीन वर्षं हार्डटेलवर हेच केलंय. ड्रॉप हँडलवर खाली वाकता येतं, हात बदलता येतात, आणि परतीच्या उन्हात वीस मिनिटं वाचली तर ती सोन्याची असतात.

आता सायक्लोक्रॉस की ग्रॅव्हल. दिसायला सख्ख्या बहिणी, पण वाढल्यात वेगळ्या घरी. सायक्लोक्रॉस ही शर्यतीची सायकल. फ्रान्समध्ये १९०२ साली या प्रकाराची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, आणि खेळ तेव्हापासून साधारण तोच आहे: हिवाळ्यात, चिखलात, छोट्या चकराच्या मार्गावर सुमारे तासभर जीव तोडून पळायचं, अडथळा आला की उतरून सायकल खांद्यावर. त्यामुळे सायकलही तशीच घडते. बॉटम ब्रॅकेट (पॅडलचा आस) जरा उंच, चाकांमधलं अंतर कमी, वळायला चपळ, आणि बऱ्याच जुन्या फ्रेमच्या वरच्या नळीचा खालचा भाग सपाट, खांद्याला रुतू नये म्हणून. शर्यतीत यूसीआयच्या (जागतिक सायकलिंग संघटनेच्या) नियमाने टायर ३३ मिमीपेक्षा रुंद चालत नाही, म्हणून फ्रेमला जागा ठेवतात ती ३३चा टायर आणि भोवती चिखल एवढ्या हिशोबाने. कॅरियर-मडगार्डचे आटे पुष्कळ मॉडेलना नसतातच. काहींना बाटलीची जागाही एकच.

ग्रॅव्हल म्हणजे दिवसभर बसायची सायकल. चाकांमधलं अंतर जास्त, पुढचा भाग उंच, टायरला ४० किंवा त्याहून जास्त जागा, हलके गिअर, सगळीकडे आटे. अलीकडे दोन्हींतली सीमा पुसट झालीय. स्पेशलाइज्डची क्रक्स वर्षानुवर्षं सायक्लोक्रॉसची म्हणून ओळखली गेली. २०२१ला आली ती ४७ मिमीचा टायर घेते आणि ग्रॅव्हलमध्ये मोजली जाते.

तुम्हाला सामान न्यायचं नाही, वाट दोन-अडीच तासांची आहे आणि खांद्यावर सायकल घ्यायची वेळ तुमच्यावर आलेलीच आहे. म्हणून मला वापरलेली सायक्लोक्रॉस पटते. पण एका अटीवर: मागे किमान ३५चा टायर मोकळा फिरला पाहिजे. ३३वर आपल्या मुरमाचा मार बसतो.

पुण्याला जाताना ४, ५ आणि ६ मिमीच्या अॅलन की खिशात टाका. सायकल उलटी करायची, मागचा टायर आणि चेनस्टे (मागच्या चाकाकडे जाणारी फ्रेमची खालची नळी) यांच्या मधे की सरकवून बघायची, दोन्ही बाजूंनी, आणि चाक फिरवत फिरवत. मग चिमट्याच्या माथ्याखाली तेच. फीत लावून मोजण्यापेक्षा हे पक्कं. चाळीस सेकंदांत कळतं.

नान्नजवाट | १५ जून, सकाळी ६:२०

ताई, मनापासून आभार. अॅलन कीचं लक्षातच आलं नसतं. गिअरचं काय? ४६/३६ जड पडेल का? वर्षातून एकदा तरी तुळजापूरला सायकलने जातोच.

माळरान_ताई | १५ जून, सकाळी ७:०५

तुळजापूरच्या घाटात ३६ला मागे २८ असेल तर गुडघ्यांवर येईल, तेही घरून पंचेचाळीसएक किलोमीटर आल्यावर. मागे ११-३२ची कॅसेट (गिअरच्या चकत्यांचा संच) टाका, डिरेलर (गिअर बदलणारा भाग) घेत असेल तर ११-३४. पुढची क्रँक बदलण्यात पैसे घालू नका.

पूर्वभाग_मिस्त्री | १५ जून, रात्री ८:५०

धागा वाचला. मी पूर्व भागात राहतो. सायकलचं दुकान नाही, पण चाकं बांधायचा नाद पंचवीस वर्षांचा आहे. आधी काळ्या सायकलींची बांधली, आता ही. चाकांवर मोकळेपणाने लिहितो, कारण याच जागी लोकांचे पैसे वाया जाताना मी लई बघितलेत.

पुण्याला गेल्यावर सगळ्यात आधी ब्रेक आणि एक्सल बघा. यूसीआयने सायक्लोक्रॉस शर्यतीत डिस्क ब्रेकला परवानगी दिली २०१०ला. त्यामुळे त्याच्या आधीच्या आणि नंतरच्याही काही वर्षांच्या बऱ्याच सायकली कँटिलिव्हर (रीमवर दाबणाऱ्या) ब्रेकच्या आहेत. स्वस्त मिळतात, पण घेऊ नका. काळ्या मातीचा चिखल रीम आणि ब्रेकच्या रबरमधे गेला की पॉलिशपेपरचं काम करतो, दोन पावसाळ्यांत रीम पातळ. तुमची डिस्कची आहे हे बरं.

एक्सल क्विक रिलीज (खटक्याने सुटणारा) असेल तर पुढे १०० आणि मागे १३५ मिमी. थ्रू एक्सल (आरपार जाणारा जाड आस) असेल तर मागे बहुधा १२×१४२, आणि पुढे १२ मिमी आहे की १५ हे बघायलाच लागतं, त्या वर्षांत दोन्ही निघाले. लोक म्हणतील क्विक रिलीज जुनं झालं. झालंय. पण तुमच्या बजेटला ते वरदान आहे, कारण १३५चे डिस्क हब (चाकाचा मधला भाग) एमटीबीच्या जोरावर अजून मुबलक आणि स्वस्त मिळतात. रोटर (डिस्क ब्रेकची चकती) सहा बोल्टचा आहे की सेंटरलॉक (एकाच मधल्या रिंगने बसणारा) तेही बघून ठेवा, म्हणजे त्याच जातीचा हब घेतला की जुने रोटर तसेच बसतील.

आता चाकं. ८२ किलो वजन आणि आपले रस्ते, म्हणजे ३२ स्पोक, पुढे आणि मागे. तीन-क्रॉस बांधणी, म्हणजे प्रत्येक स्पोक दुसऱ्या तीन स्पोकना ओलांडतो. स्पोक २.०/१.८ जाडीचे, टोकांना जाड आणि मधे बारीक. बारीक म्हणजे कमजोर असं वाटतं, पण उलट आहे. मधला भाग थोडा ताणला जातो, त्यामुळे धक्का कोपराच्या वाकणावर एकवटत नाही, आणि स्पोक तुटतो तो नेहमी तिथेच किंवा आट्यांपाशी. निपल (स्पोक रीमला कसणारे छोटे नट) पितळेचे. अॅल्युमिनियमचे निपल साठाएक ग्रॅमपैकी चाळीस वाचवतात आणि तीन वर्षांनी पान्याखाली चुरा होतात.

रीम ट्यूबलेसला चालणारी, आतली रुंदी २१ ते २३ मिमी. डब्ल्यूटीबीच्या रीमवर आय२३ असं लिहिलेलं असतं, त्यातला आकडा म्हणजे आतली रुंदीच. हुकलेस (टायर धरणारी आतली कड नसलेल्या) रीमच्या भानगडीत पडू नका, तिला टायर निवडून घ्यावा लागतो आणि हवेची मर्यादा पाळावी लागते. हुक असलेली साधी अॅल्युमिनियम रीम घ्या. दगडावर आपटून कड वाकली तर पान्याने सरळ करून घरी येता येतं.

हब शिमानोचे, कप आणि कोनवाले. हे माझं ठाम मत आहे. सीलबंद बेअरिंगचे हब चांगले असतात, पण स्वस्तातल्या सीलबंद हबात काळी धूळ शिरली की बेअरिंग ठोकून काढायचं आणि नेमक्या मापाचं शोधत बसायचं. कोनवाला हब दोन कोन-पाने आणि ग्रीसच्या डबीवर घरी उघडतो. मागच्या हबात पाव इंचाचे छर्रे, एका बाजूला नऊ. सोलापुरात कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मूठभर मिळतात. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, उघडून पुसून भरायचे.

पुढे कधी ११ स्पीड करावंसं वाटलं तर आठ-नऊ-दहा स्पीडच्या फ्रीहबवर (हबच्या ज्या भागावर कॅसेट बसते त्यावर) रोडची ११ स्पीड कॅसेट बसत नाही, ती १.८५ मिमीने जास्त जागा मागते. पण शिमानोची ११-३४ची ११ स्पीड कॅसेट या जुन्या फ्रीहबवर बसते. म्हणजे वाट बंद होत नाही.

तयार चाकं विकत घ्यायची की बांधून घ्यायची? मी एकदा ऑनलाइन तयार जोडी मागवली होती. दिसायला झकास. चारशे किलोमीटरमध्ये मागचे तीन स्पोक गेले. टेन्शन मीटर लावून बघितलं तर एकाच बाजूला शेजारशेजारच्या स्पोकमध्ये जवळजवळ दुपटीचा फरक. मशिनने आउट (चाकाचा वाकडेपणा) काढला होता, ताण सारखा केलाच नव्हता. चाक सरळ फिरतं म्हणजे ते चांगलं बांधलंय असं नाही. तुमचे दोन स्पोक तुटले त्याचं कारणही बहुतेक हेच असणार. कोणाकडूनही बांधून घ्या, पण विचारा: ताण मोजता का?

विमानतळ_होटगी | १५ जून, रात्री ९:३०

कार्बन रीम सुचवतो. परदेशी साइटवर आता ३०-३५ हजारांत जोडी दिसते. वजनात मोठा फरक पडतो, आणि फिरणाऱ्या भागाचं वजन दुप्पट लागतं असं म्हणतात.

पूर्वभाग_मिस्त्री | १५ जून, रात्री १०:१०

फिरणाऱ्या वजनाचं गणित खरं आहे, पण ते फक्त वेग वाढवताना. रीमच्या कडेचा एक ग्रॅम वेग घेताना जास्तीत जास्त दोन ग्रॅमइतका जाणवतो. एका वेगाने चालताना आणि चढावर ग्रॅम तो ग्रॅमच. नान्नजच्या वाटेवर दर पन्नास मीटरला स्प्रिंट मारायची नाहीये. शिवाय परदेशातून मागवलेल्या मालावर कस्टम वेगळा, आणि तडा गेला तर परत कोण पाठवणार. तेच पैसे टायरमध्ये घाला. टायरने सायकल जेवढी बदलते तेवढी रीमने बदलत नाही.

विमानतळ_होटगी | १५ जून, रात्री १०:१८

पटलं. माझ्यासाठीही नोंदवून ठेवतो.

हस्ताचा_पाऊस | १६ जून, दुपारी १:३०

मी मोहोळ तालुक्यातला. शेती करतो आणि शेतावर सायकलनेच जातो. दोन गोष्टी सांगतो, त्या दुकानदार सांगणार नाही.

पहिली काळ्या मातीबद्दल. सायक्लोक्रॉस चिखलाची सायकल आहे म्हणून कोणी पाऊस पडल्या पडल्या गाडवाटेत घालू नका. युरोपातल्या शर्यतीत खेळाडूकडे दुसरी सायकल असते, चिखल फार असला की अर्ध्या-अर्ध्या चकराला पिटमध्ये सायकल बदलतात आणि पहिली फवाऱ्याने धुऊन तयार ठेवतात. आपल्याकडे फवारा कुठला! आपली माती तर चिकणी. शंभर मीटरमध्ये टायरवर थापली जाते, दोनशेमध्ये चिमट्यात अडकते, मग चाक फिरतच नाही आणि ओढत नेलं की डिरेलर चेनस्टेवर येऊन मोडतो. माझा मोडलाय. वापसा आल्याशिवाय काळ्या रानात शिरायचं नाही. पेरणीला जो नियम तोच सायकलला. मुरमावर मात्र पावसानंतर दोन तासांत खुशाल जा.

दुसरी काट्यांबद्दल. तुमची चार पंक्चर दोन जातींची असतील. बाभळीचा काटा लांब, आरपार जातो आणि आत मोडतो. सराटा लहान, पण कसाही पडला तरी एक टोक वर. दिवाळीनंतर गवत वाळलं की वाटेच्या कडेला सराट्यांचा सडा असतो. एका फेरीत टायरमधून अकरा काढलेत. त्यामुळे ट्यूबलेस घ्याच. आणि ट्यूबलेस असूनही कधी वाटेत ट्यूब घालायची वेळ आली, तर आधी टायरच्या आतून बोट फिरवा, सावकाश, गोल. सीलंटने (टायरमध्ये घालायच्या, भोक बुजवणाऱ्या द्रवाने) भोक बुजवलेलं असतं पण काट्याचं टोक आत तसंच असतं, नवी ट्यूब घातली की पहिल्याच दणक्याला जाते.

आणि नान्नजला माळढोक अभयारण्याचं गवत आहे. वाट सोडून त्यात सायकल घालू नका, कोणी घालत असेल तर थांबवा. तिथे जमिनीवर घरटी असतात.

नान्नजवाट | १६ जून, रात्री ९:००

शेवटचं अगदी खरं. आम्ही लहानपणापासून त्या कुरणाच्या कडेनेच जातो, आत नाही. वापशाचं डोक्यात ठेवलं. या रविवारी हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जातोय.

नान्नजवाट | २२ जून, रात्री ११:३०

जाऊन आलो. सविस्तर लिहितो, म्हणजे पुढच्या कोणाला उपयोग होईल.

मागचा टायर ३३चा, व्हर्नियरने मोजला तर ३२.४ मिमी. चेनस्टेपाशी डावीकडे ९, उजवीकडे ८ मिमी मोकळं. चिमट्यात दोन्हीकडे १० च्या वर. एक्सल क्विक रिलीज, १०० आणि १३५. रोटर सहा बोल्ट, १६० मिमी. मिस्त्रीकाका, तुमच्या मनासारखं.

चेनस्टेच्या आतल्या बाजूला चिखलाने रंग घासलेला होता, पण नखाला खाच लागली नाही. पेंट गेलाय, धातू नाही. हेडसेट (हँडलच्या दांडीचं बेअरिंग) बघायला पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवली, टकटक नाही. चिमट्याची दांडी पुरेशी लांब आहे, दोन स्पेसर खाली आहेत. मागचं चाक फिरवलं तर चार-पाच मिमीचा आउट, आणि एक स्पोक बोटाने वाजवल्यावर अगदी ढब्ब. मालकाला तो दाखवला. मूळ बिल होतं, त्यावरचा फ्रेम नंबर फ्रेमशी जुळवला. चाकांचं कारण सांगून ५१ हजारांवर आला. घेतली. पुढचं चाक काढून, घोंगड्यात गुंडाळून पार्सलने टाकली, परवा येईल.

प्रश्न एवढाच: मागे ३८ बसेल का?

माळरान_ताई | २३ जून, सकाळी ६:४५

अभिनंदन! ३२.४ वरून ३८ म्हणजे प्रत्येक बाजूला २.८ मिमी गेले. ८ मधून ५.२ उरतात. नव्या रुंद रीमवर टायर थोडा आणखी फुगेल, धरा पाचच्या आत. कोरड्यात चालेल, ओल्या मुरमात खडा अडकेल. पुढे ३८, मागे ३५ करा. पुढचा टायर पकडीला, मागचा ओढायला. मी असंच चालवते.

पूर्वभाग_मिस्त्री | २३ जून, सकाळी ८:१०

घोंगड्यात गुंडाळली हे वाचून बरं वाटलं. सामान जमवा आणि रविवारी घरी या, चाकं समोर बसून बांधू. मजुरी घेईन, पण शिकवीनही. एकदा स्वतः बांधलेलं चाक बिघडलं तर माणूस घाबरत नाही.

स्पोक रीम हातात आल्याशिवाय मागवू नका. जालावरचं माप आणि खरी रीम यात दोन-तीन मिमीचा फरक निघतो, आणि मग एकतर स्पोक टायरकडे डोकावतो नाहीतर आटे अर्धेच लागतात.

नान्नजवाट | १९ ऑक्टोबर, रात्री ८:००

चार महिन्यांनी लिहितोय, पण अर्धवट लिहायचं नव्हतं.

चाकं जुलैच्या एका रविवारी बांधली. सकाळी नऊला बसलो ते संध्याकाळी सहापर्यंत. काकांनी वाटीत जवसाचं तेल घेतलं होतं. प्रत्येक स्पोकचे आटे त्यात बुडवायचे, मग निपल. मी विचारलं, ग्रीस का नाही? म्हणाले, तेल आत्ता आटे सैल ठेवतं आणि आठवड्याने चिकटून वाळतं, मग निपल आपोआप सुटत नाही. घरात जवस भाजल्याचा वास आणि मधे आम्ही दोघं, चौसष्ट स्पोक घेऊन. काकूंनी दुपारी शेंगाचटणी आणि कडक भाकरी दिली, ती हाताला तेल असतानाच खाल्ली.

माझी समजूत होती की आउट काढणं म्हणजेच चाक बांधणं. आउट तासाभरात निघाला. बाकीचा सगळा वेळ ताण सारखा करण्यात गेला. मागच्या चाकात गिअरच्या बाजूला रीमच्या मर्यादेत ११० किलोच्या आसपास, दुसऱ्या बाजूला त्याच्या साठ टक्के. पुढे उलट, डिस्कच्या बाजूला जास्त. मीटर लावण्याआधी काका स्पोक बोटाने छेडून ऐकायचे, आणि त्यांनी "हा जरा खाली बोलतोय" म्हटलं की मीटरही तेच दाखवायचा. मग समांतर स्पोकच्या जोड्या मुठीत धरून जोरात दाबायच्या, टिणटिण आवाज येतो, ताण जागेवर बसतो आणि पुन्हा थोडा आउट काढायचा. हे तीनदा केलं.

खर्च: रीम जोडी ७,२००, हब जोडी ४,६००, स्पोक आणि निपल ४,१६०, टेप-व्हॉल्व्ह-सीलंट २,३००, टायर ६,४००, मजुरी १,५००. ११-३२ कॅसेट २,४००. सायकल धरून ७९,५६०.

घरच्या वजनकाट्यावर जुनी चाकं, टायर-रोटर सोडून, २,४३० ग्रॅम भरली. नवी २,०९०. टायर-ट्यूबमध्ये आणखी दीडएकशे ग्रॅम कमी झाले. पण खरं सांगतो, वजन जाणवलं नाही. जाणवली ती हवा. आधी ट्यूबसह ५५ पीएसआयच्या खाली गेलो की रीम दगडावर आपटायची. आता पुढे ३६, मागे ४० ठेवतो. मुरमाच्या त्या लाटालाटांच्या पट्ट्यात आधी दात वाजायचे, आता हात हँडलवर सैल ठेवून जाता येतं, बाजूच्या शिवारात काळवीट दिसलं तर मान वळवून बघता येतं.

चार महिन्यांत साडेअकराशे किलोमीटर. स्पोक एकही नाही. पंक्चर म्हणावं असं एकच, बाभळीचा काटा पाऊण बोट लांब. काढला, भोक खाली करून चाक धरलं, पाच-सहा थेंब गळाले आणि थांबलं. हवा भरून पुढे गेलो. परवा टायर धुतला तर सात सराट्यांची तोंडं आतल्या आत दिसली. मला कधी कळलंच नव्हतं.

एक चूक सांगतो. सप्टेंबरात पाऊस उघडला म्हणून वापसा न बघता निघालो. हस्ताचा_पाऊस म्हणाले होते तेच झालं. दीडशे मीटर. बाभळीच्या काटकीने चिमट्यातली माती खरवडत अर्धा तास बसलो, मग खांद्यावर घेऊन बांधाने आलो. डिरेलर वाचला, कारण ओढली नाही.

जुनी चाकं विकली नाहीत. त्यांचा आउट काढून २८चे टायर लावलेत, पंढरपूरला जाताना तीच घालतो. रोटर अर्धा मिमी आत-बाहेर येतो, तेवढा ब्रेकचा बोल्ट सैल करून सरळ करायला लागतो.

हस्ताचा_पाऊस | १९ ऑक्टोबर, रात्री ९:१५

वाचून आनंद झाला. आता गळीत सुरू होईल. अंधारात उसाच्या ट्रॉल्या असतात, मागे दिवा नसलेल्या. पहाटे निघताना पुढचा दिवा जोरकस ठेवा.

पेठेतला | २० ऑक्टोबर, सकाळी ७:३०

मी एमटीबी म्हटलं होतं. हे वाचून माझ्या हार्डटेललाही ट्यूबलेस करतोय. घरच्या पंपाने टायर बसतच नाही, काय करू? आणि सीलंट किती?

नान्नजवाट | २० ऑक्टोबर, सकाळी ८:००

बारीक व्हॉल्व्ह असेल तर त्याला लागणारं पितळी अॅडॅप्टर घ्या, आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर जा. व्हॉल्व्हचा आतला कोर काढून ठेवा, टायरच्या कडेला साबणाचं पाणी लावा, एकदम हवा सोडा. दोनदा ठाप्प आवाज आला की बसला. मग हवा सोडून व्हॉल्व्हमधून सीलंट घाला, कोर लावा, परत भरा. माझ्या ३५-३८ला प्रत्येकी ६० मिली लागलं, तुमच्या एमटीबीच्या टायरला त्याहून जास्त लागेल, बाटलीवर लिहिलेलं असतं.

पूर्वभाग_मिस्त्री | २० ऑक्टोबर, सकाळी ९:२०

बाटलीवर तीन-चार महिने टिकतं असं लिहिलेलं असेल तर ते सोलापूरच्या उन्हाळ्यासाठी नाही. मार्च ते जून दर महिन्याला कोर काढून काडी घालून बघा, ओली आली तर ठीक. सायकल पत्र्याच्या शेडमध्ये ठेवत असाल तर आणखी लवकर.

पेठेतला | २० ऑक्टोबर, सकाळी ९:४०

धन्यवाद काका. टेप किती रुंद घेऊ? रीम आतून २५ मिमी आहे.

पूर्वभाग_मिस्त्री | २० ऑक्टोबर, सकाळी ९:५५

२८ची घ्या. रीम आधी स्पिरिटने पुसा, आणि टेप व्हॉल्व्हच्या भोकासमोरून सुरू न करता विरुद्ध बाजूने सुरू करा. अंगठ्याने ताणत जा, बुडबुडा राहू देऊ नका.